फॉरमॅट मारण्याआधी: व्हायरसने गायब केलेल्या फाइली परत मिळवताना

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मालवणातल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आरतीसंग्रहाच्या प्रती, भजनी मंडळांची पत्रकं, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची तिकिटं, सगळं एकाच वेळी. अशाच एका सकाळी तारकर्लीच्या एक काकी आल्या. घरच्या दोन खोल्यांत त्या पर्यटकांची न्याहारी-निवासाची सोय करतात. रुमालात बांधलेला पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बघ रे, सगळा गेला. माझ्या आवशीचे फोटो होते त्येत."

त्याआधी त्या दुसरीकडे जाऊन आल्या होत्या. तिथे सांगितलं होतं, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून कोरा करणं, हे काकींना ठाऊक नव्हतं, पण "मग फोटो?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही म्हणून त्या ड्राइव्ह घेऊन उठल्या. त्या उठल्या म्हणूनच फोटो वाचले. अर्ध्या तासात त्यांच्या आईचे सगळे फोटो माझ्या पडद्यावर होते, अगदी खळ्यात आमसुलं वाळत घालतानाचासुद्धा.

नव्याने कॉम्प्युटर शिकणाऱ्याला हे काम घरी जमावं म्हणून मी लिहितो आहे. यात अवघड काही नाही. क्रम मात्र सांभाळावा लागतो, आणि घाई केली तर वाचलेलं जातं.

आधी एक आकडा बघा

पेन ड्राइव्ह लावलात आणि आत फोल्डरच नाहीत, किंवा प्रत्येक फोल्डरच्या चित्राला डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आला आहे, तर बहुधा हा शॉर्टकट व्हायरस. शॉर्टकट म्हणजे मूळ फोल्डर नव्हे, त्याच्याकडे नेणारं नुसतं बाणाचं चित्र. कशावरही डबल क्लिक करू नका. 'धिस पीसी' उघडा, ड्राइव्हच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि सगळ्यात खाली 'प्रॉपर्टीज' आहे ते निवडा. तिथे एक गोल चकती दिसते आणि वर दोन आकडे असतात: 'यूज्ड स्पेस' आणि 'फ्री स्पेस'.

काकींचा ड्राइव्ह 16 जीबीचा. आत दिसत होते फक्त चार शॉर्टकट, प्रत्येकी 2 केबीचे. यूज्ड स्पेस मात्र 11 जीबीच्या वर. चार शॉर्टकटना 11 जीबी लागत नाहीत. म्हणजे फोटो आतच होते, फक्त दिसत नव्हते. त्या आकड्यावर बोट ठेवून मी काकींना दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसल्या.

तुमच्याकडेही भरलेली जागा पूर्वीइतकीच दिसत असेल तर निम्मं काम झालं असं समजा. ती जवळजवळ शून्यावर आली असेल तर फाइली खरोखर पुसल्या गेल्या आहेत. त्याचा मार्ग वेगळा, तो पुढे येतो. आणि जागा भरलेली आहे, फाइली दिसतातही, पण प्रत्येकीच्या नावाला विचित्र शेपूट लागलं आहे आणि एकही उघडत नाही, तर तो तिसरा प्रकार, सगळ्यांत वाईट. त्याचंही पुढे सांगतो.

व्हायरस करतो काय

कोकणातल्या जुन्या घरात माळा असतो. कोणी सगळं सामान माळ्यावर टाकलं आणि शिडी काढून नेली, तर खालून घर रिकामं दिसेल. शॉर्टकट व्हायरस एवढंच करतो. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला काही खुणा लावता येतात. त्यांतली एक 'हिडन', म्हणजे लपवलेली, आणि दुसरी 'सिस्टिम', म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कामाची. व्हायरस तुमच्या फोल्डरांना या दोन्ही खुणा एकदम लावतो. सिस्टिमची खूण लागली की विंडोज ते फोल्डर नेहमीच्या 'लपवलेल्या फाइली दाखवा' या सोयीतूनही दाखवत नाही. मग मूळ फोल्डरच्या नावाचाच शॉर्टकट तिथे ठेवला जातो. तुम्ही तो उघडता, फोल्डर उघडतंसुद्धा, आणि त्याच क्लिकने मागच्या मागे व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. पुढे त्या कॉम्प्युटरला लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधित.

पूर्वी क्लिकचीही गरज नव्हती. 2008 च्या नोव्हेंबरात सापडलेला कॉन्फिकर हा जंतू इतर वाटांबरोबर पेन ड्राइव्हच्या 'ऑटोरन' सोयीतूनही पसरत होता. ड्राइव्ह लावला की आतला प्रोग्राम आपोआप चालू होण्याची ती सोय. विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हपुरती ती बंद झाली, आणि 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सपी आणि व्हिस्टासाठीही ती बंद करणारा अपडेट दिला. तेव्हापासून अशा व्हायरसला आत यायला तुमचं बोट लागतं. म्हणून म्हणतो, त्या बाणाच्या चित्रावर डबल क्लिक नको.

आपल्याकडे हे इतकं का पसरतं, तेही सांगतो. एकच पेन ड्राइव्ह शाळेत जातो, ग्रामपंचायतीत जातो, झेरॉक्सच्या दुकानात जातो, शिमग्याला नमनाचं रेकॉर्डिंग घेऊन साउंड सिस्टिमवाल्याकडे जातो आणि संध्याकाळी घरच्या टीव्हीला लागतो. यांतलं एक जरी मशीन बाधित असलं तरी पुरे. अनेक ठिकाणी अजून विंडोज 7 चालतं. त्याचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झाले, आणि विंडोज 10 चा नियमित पाठिंबाही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

काय करायचं नाही

फॉरमॅट करायचं नाही. 'हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल' अशी सूचना विंडोजने दिली तरी 'कॅन्सल'. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तरी तूर्त नको. ती सोय कधीकधी तुटलेल्या फाइलींचे तुकडे करून त्यांना अनोळखी नावं देते, आणि मग जुळवाजुळव करत बसावं लागतं.

त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकायचं नाही. एक गाणंसुद्धा नाही.

घरातल्या दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरला 'त्यावर दिसतंय का बघू' म्हणून तो लावायचा नाही. दोन मशीन आजारी पडलेली घरं मी बरीच पाहिली आहेत.

आणि इंटरनेटवरून 'फाइल रिकव्हरी फुल व्हर्जन फुकट' असलं चोरीचं सॉफ्टवेअर उतरवायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस अशाच कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून येतात. लपवलेले फोटो शोधायला गेलेला माणूस सगळा कॉम्प्युटर घालवून बसतो.

सगळ्यात सोपी वाट: मोबाइल आणि ओटीजी

ही वाट फार कमी जणांना माहीत असते, म्हणून आधी हीच सांगतो. शॉर्टकट व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला असतो, अँड्रॉइड फोनवर तो चालत नाही. आणि विंडोजची 'हिडन' खूण अँड्रॉइड मानत नाही. त्यामुळे मोबाइलच्या दुकानात मिळणारी ओटीजी केबल किंवा छोटं ओटीजी कनेक्टर आणा, पेन ड्राइव्ह फोनला लावा आणि फोनमधलं 'फाइल्स' किंवा 'फाइल मॅनेजर' उघडा. बहुतेक वेळा हरवलेली फोल्डरं तिथे सरळ रांगेत दिसतात. शेजारी शॉर्टकटही दिसतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हवी ती फोल्डरं निवडून फोनमध्ये कॉपी करा. 'मूव्ह' नको, 'कॉपी'च. मध्येच केबल हलली तर मूळ तरी जागेवर राहील.

फोनवर ड्राइव्ह दिसलाच नाही तर घाबरू नका. पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो त्यांतली एनटीएफएस ही पद्धत अनेक फोनना वाचता येत नाही. मोठ्या पोर्टेबल हार्ड डिस्कला फोनची वीजही पुरत नाही. अशा वेळी पुढची वाट.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं: खारी हवा. समुद्राजवळच्या घरात पेन ड्राइव्हच्या सोनेरी पट्ट्यांवर दोन पावसाळ्यांत काळपट थर बसतो. ड्राइव्ह लागतो, सुटतो, परत लागतो, आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसा. थर जात नसेल तर शाळेतला साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा फुंकून टाका आणि मग लावा.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर आधी कॉम्प्युटर

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. पेन ड्राइव्हमधल्या फाइली मोकळ्या करतो, दहा सेकंदांत त्या पुन्हा गायब होतात, आणि उपाय खोटा म्हणून सोडून देतो. उपाय बरोबर असतो. व्हायरस कॉम्प्युटरमध्ये जागा असतो आणि तुमच्या पाठोपाठ परत लपवत जातो.

म्हणून पेन ड्राइव्ह काढून ठेवा. इंटरनेट बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'डिटेल्स' या भागात 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हे नाव दिसतं का बघा. हा विंडोजचाच प्रोग्राम आहे, स्वतः वाईट नाही, पण असे बरेच व्हायरस त्याच्या खांद्यावर बसून चालतात. तुम्ही काही चालू केलेलं नसताना तो तिथे असेल तर त्याला निवडून 'एंड टास्क' करा. मग 'स्टार्टअप' भागात जा. कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालू होतं त्याची ही यादी. ज्याच्यापुढे कंपनीचं नाव नाही आणि जे तुम्ही ओळखत नाही, त्याला 'डिसेबल' करा. डिलीट नको. चुकून कामाचं बंद झालं तर परत चालू करता येतं.

आता विंडोजसोबत येणारा डिफेंडर. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'स्कॅन ऑप्शन्स'. त्यात 'ऑफलाइन स्कॅन' नावाचा पर्याय आहे. तोच घ्या. यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा, आणि लाइट जाण्याची चिन्हं असतील तर हे काम सुरूच करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या.

तपासणी झाली की पेन ड्राइव्ह लावा. कुठलीही खिडकी आपोआप उघडली तर बंद करा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर उजवं बटण दाबून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज 11 मध्ये तो पर्याय कधी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत असतो. हे स्कॅन वेगळं करावं लागतं, कॉम्प्युटरच्या झटपट तपासणीत पेन ड्राइव्ह तपासला जात नाही. व्हायरस सापडला आणि डिफेंडरने तो काढला तरी फोल्डरं अजून दिसणार नाहीत. चोर गेला, शिडी अजून लावायची आहे.

माळ्याला शिडी

आधी डोळ्यांनी बघू. कुठलंही फोल्डर उघडा. विंडोज 10 मध्ये वर 'व्ह्यू' आणि मग 'ऑप्शन्स', विंडोज 11 मध्ये वरच्या तीन टिंबांत 'ऑप्शन्स'. छोटी खिडकी उघडेल, तिच्यातला 'व्ह्यू' भाग निवडा. तीन बदल करायचे. 'शो हिडन फाइल्स' समोर टिंब द्या. 'हाइड एक्स्टेन्शन्स' ची टिक काढा. आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची टिक काढा. ही तिसरी टिक काढताना विंडोज इशारा देतो, 'येस' म्हणा. बहुतेक जण पहिला बदल करून थांबतात आणि फाइली नाहीतच असं समजतात. व्हायरसने सिस्टिमची खूण लावलेली असते, त्यामुळे तिसरी टिक काढल्याशिवाय काही दिसत नाही.

आता पेन ड्राइव्ह उघडा. फिक्या रंगातली फोल्डरं दिसतील. तीच तुमची.

कधीकधी मात्र फोल्डरं न दिसता एकच विचित्र गोष्ट दिसते: नाव नसलेलं फोल्डर. चित्र आहे, खाली नाव कोरं. काही व्हायरस सगळ्या फाइली अशा बिननावाच्या फोल्डरात सरकवतात. नावाच्या जागी न दिसणारं एक अक्षर टाकलेलं असतं. त्याला व्हायरसचंच काहीतरी समजून डिलीट करणारे खूप. करू नका. काकींचे फोटो अशाच कोऱ्या नावाच्या फोल्डरात होते. उघडल्यावर आत 'आई', 'गणपती', 'खोल्यांचं बुकिंग' सगळं जसंच्या तसं.

फोल्डरं दिसली, आता त्यांच्यावरच्या खुणा पुसायच्या. प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन' ची टिक काढायला जाल तर ती धूसर झालेली असते, दाबता येत नाही. म्हणून एक आज्ञा लिहावी लागते. मी ती फोनवर पुष्कळांना सांगितली आहे, तशीच इथे सांगतो.

ड्राइव्हचं अक्षर आधी बघून ठेवा, 'धिस पीसी'मध्ये नावापुढे कंसात असतं. समजा ते ई आहे. खाली शोधायच्या जागी सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत लिहायचं: ए, टी, टी, आर, आय, बी, सगळी जोडून. मग स्पेस. उणे चिन्ह आणि त्याला चिकटून आर. स्पेस. उणे आणि एस. स्पेस. उणे आणि एच. स्पेस. मग ई, कोलन, बॅकस्लॅश, तारा, टिंब, तारा, हे सगळं एकमेकांना चिकटून. स्पेस. साधा स्लॅश आणि एस. स्पेस. साधा स्लॅश आणि डी. एंटर.

बॅकस्लॅश म्हणजे एंटरच्या वरच्या बटणावरची डावीकडे झुकलेली रेघ. साधा स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावर. या दोघांची अदलाबदल झाली की आज्ञा चालत नाही, आणि फोनवर सांगताना दर वेळी इथेच अडतं. उणे आर म्हणजे 'फक्त वाचा' ही खूण काढ, उणे एस म्हणजे सिस्टिमची काढ, उणे एच म्हणजे हिडनची काढ. एस आणि एच एकत्रच द्यावे लागतात. एकटा एच दिला तर विंडोज सिस्टिम फाइलला हात लावायला नकार देतो. शेवटचे दोन स्लॅश म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांतही जा आणि फोल्डरांवरच्याही खुणा काढ.

ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. सी लिहू नका. सी ड्राइव्हवर विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फाइली असतात, त्या तशाच राहायला हव्यात.

मोठा ड्राइव्ह असेल तर काळी खिडकी काही वेळ गप्प बसते. तिला बसू द्या. खाली नवी ओळ आली की काम झालं.

काय उचलायचं आणि काय नाही

मोकळ्या झालेल्या फाइली लगेच वापरू नका. कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये एक नवीन फोल्डर करा आणि आपलं तेवढंच उचला: फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइली, डीटीपीची कामं. फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट बघण्याची सवय लावा. मघाशी एक्स्टेन्शनची टिक काढली ती यासाठीच. नावात जेपीजी आहे पण शेवटी ईएक्सई आहे, तर तो फोटो नव्हे, प्रोग्राम आहे. एलएनके, व्हीबीएस, एससीआर, आयएनएफ अशा शेवटाच्या फाइली तिथेच राहू द्या. फोल्डरचं चित्र घेऊन बसलेली ईएक्सई फाइल तर फार जणांना फसवते. जिच्या 'टाइप' रकान्यात 'फाइल फोल्डर' ऐवजी 'ॲप्लिकेशन' लिहिलंय ती सोडा.

कॉपी झाली की त्या नव्या फोल्डरला एकदा स्कॅन करा, आणि मग दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल वाचली असं नाही.

हे सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट वाईट नाही, त्याची जागा शेवटची आहे. ऑप्शन्समधली सिस्टिम फाइलींची टिक परत लावायला विसरू नका, नाहीतर घरातलं कोणीतरी एक दिवस विंडोजची गरजेची फाइल नकोशी समजून उडवेल.

फाइली खरोखर पुसल्या गेल्या असतील तर

यूज्ड स्पेस रिकामी आहे, किंवा कोणी आधीच फॉरमॅट मारून बसलं आहे. तरीही आशा आहे. फाइल डिलीट होते तेव्हा विंडोज फक्त नोंद काढतो. सात-बारावरून नाव कमी झालं तरी जमीन जागेवरच असते, कोणी नवीन घर बांधेपर्यंत. ड्राइव्हवर नवीन काही टाकायचं नाही असं सुरुवातीला बजावलं ते म्हणून.

आधी मात्र फुकटच्या जागा शोधा. ही फाइल तुम्ही कधी कोणाला पाठवली होती का? जीमेलचा 'सेंट' भाग, व्हॉट्सॲपवरची जुनी संभाषणं, ज्याच्याकडे छापायला दिली त्याचा कॉम्प्युटर, मुंबईतल्या भावाचा फोन. लग्नपत्रिकेची हरवलेली फाइल मी एकदा नवरीच्या मामाच्या व्हॉट्सॲपवरून परत मिळवली आहे.

तिथे नसेल तर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर. नवीन माणसासाठी रेकुवा सोपं. ते कॉम्प्युटरवर बसवायचं, बाधित ड्राइव्हवर नव्हे. ते एकेक प्रश्न विचारत नेतं आणि सापडलेल्या फाइलींपुढे रंगाचं टिंब दाखवतं: हिरवं म्हणजे चांगली, नारिंगी म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे गेली. काही सापडलं नाही तर 'डीप स्कॅन' लावा आणि जेवून या. सापडलेल्या फाइली नेहमी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायच्या. त्याच पेन ड्राइव्हवर उतरवल्या तर एक वाचवताना दुसरी पुसली जाते.

रेकुवा हरलं तर फोटोरेक. हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, दिसायला रुक्ष, पण फॉरमॅट झालेल्या आणि बिघडलेल्या ड्राइव्हवर मी त्याच्यावरच भरवसा ठेवतो. ते नोंदी बघतच नाही, ड्राइव्हवरचा मजकूर चाळून फोटो कुठे सुरू होतो ते ओळखतं. त्यामुळे जुनी नावं जातात. हजार फोटो मिळाले तर हजारांची नावं नुसत्या आकड्यांची असतात. आईचे कुठले ते एकेक उघडून शोधावं लागतं. रात्र जाते, पण मिळतात.

लॅपटॉपच्या आत फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क, असेल तर मात्र वेळ फार कमी. डिलीट झालेली जागा एसएसडी 'ट्रिम' नावाच्या सोयीने स्वतःच साफ करत असते, आणि एकदा ती साफ झाली की घरगुती सॉफ्टवेअरला काही मिळत नाही. तेव्हा तो लॅपटॉप वापरणं तिथेच थांबवा.

कुलूपबंद फाइली

फाइलींच्या नावांना अनोळखी शेपूट, एकही उघडत नाही, आणि फोल्डरात इंग्रजीत पैसे मागणारी चिठ्ठी. हा रॅन्समवेअर. वरची एकही युक्ती इथे चालत नाही. शेपूट खोडून नाव बदललं तरी आतलं कुलूप तसंच राहतं.

वायफाय बंद करा, लावलेले सगळे ड्राइव्ह काढा. पैसे देऊ नका. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही. 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम 2016 च्या जुलैत डच पोलीस, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केला. तिथे एक बंद झालेली फाइल आणि ती चिठ्ठी दिली की व्हायरस ओळखला जातो, आणि किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. नसेल तर बंद फाइली तशाच एका ड्राइव्हवर ठेवून द्या. काही व्हायरसांच्या किल्ल्या नंतर बाहेर आल्या आहेत.

पुढच्या पावसाळ्याआधी

दुकानात छापायला द्यायचं असेल तर पेन ड्राइव्हऐवजी ईमेल करा. नेट नसलेल्या वाडीतून येत असाल तर छोटं मेमरी कार्ड एसडी ॲडॉप्टरमध्ये घालून आणा. ॲडॉप्टरच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती 'लॉक'कडे सरकवली की कॉम्प्युटर कार्ड वाचतो, पण सहसा त्यावर काही लिहू शकत नाही. सोसायटी किंवा ग्रामपंचायतीचं मशीन तुमच्याकडे असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राचं 'यूएसबी प्रतिरोध' बघा. मशीनला कुठला पेन ड्राइव्ह लागू द्यायचा ते त्यातून ठरवता येतं, आणि ते मोफत आहे.

जपायच्या गोष्टींची एक प्रत घराबाहेर हवी. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते, आणि त्याच जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तेव्हा कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात गेली. गूगल ड्राइव्हवर 15 जीबी फुकट मिळतात, घरच्या निवडक फोटोंना पुरतात. नाहीतर आगोटीची बेगमी करताना एक ड्राइव्ह भरा आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे पाठवा. घरातली हार्ड डिस्क कॉपी झाल्यावर काढून, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा. कायम लावून ठेवलेल्या डिस्कला व्हायरसही लागतो आणि खारी हवाही.

आणि एवढं करूनही जमलं नाही, ड्राइव्ह कोणाकडे द्यावाच लागला, तर कागदाच्या चिठ्ठीवर ठळक लिहा: 'आतला डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' खाली आपलं नाव आणि फोन नंबर, आणि कुठल्या फाइली हव्यात त्यांची नावं. चिठ्ठी ड्राइव्हला रबराने बांधा. गर्दीच्या दिवसांत तोंडी सांगितलेलं दुकानदाराच्या लक्षात राहत नाही, आमच्याही नाही. बांधलेली चिठ्ठी मात्र ड्राइव्ह हातात घेताना वाचावीच लागते.